पोर्ट लुईचा धक्का

मॉरिशस बेटाची राजधानी पोर्ट लुई. बंदरात शिरणाऱ्या जहाजावरून पाहिले तर हे शहर एखाद्या मोठ्या परातीच्या काठाशी मांडून ठेवल्यासारखे दिसते. मागे डोंगरांची अर्धवर्तुळाकार भिंत, पुढे निळे शांत पाणी. डोंगरांतल्या एका शिखराचा आकार अंगठ्यासारखा, म्हणून त्याचे फ्रेंच नावच ‘ल पूस’, म्हणजे अंगठा. दुसऱ्या शिखराच्या टोकावर माणसाच्या डोक्याएवढी वाटणारी, प्रत्यक्षात प्रचंड अशी एक शिळा शतकानुशतके तोल सावरून बसली आहे. ईस्ट इंडीजचा पहिला डच गव्हर्नर-जनरल पीटर बॉथ १६१५ साली मायदेशी परतताना याच बेटाजवळ जहाज फुटून बुडाला. शिखराला त्याचे नाव मिळाले.

जुन्या शहरांना बहुधा आपले असे मूळचे लोक असतात. मुंबईच्या सात बेटांवर इंग्रजांच्याच काय, पोर्तुगिजांच्याही आधी कोळी होते, भंडारी होते. पोर्ट लुईला असे कोणीच नाही. माणसाने या बेटावर पाऊल ठेवले तेव्हा तेथे दाट अरण्य, महाकाय कासवे आणि डोडो नावाचा, उडता न येणारा गोजिरवाणा पक्षी एवढेच रहिवासी होते. त्यामुळे ‘तुमचे पूर्वज कुठले?’ या प्रश्नाला या शहरातील प्रत्येकाला एकच उत्तर द्यावे लागते : समुद्रापलीकडचे. मात्र त्यांपैकी कोण जहाजाच्या वरच्या मजल्यावरून उतरले, कोण तळातून साखळदंडासह उतरले आणि कोण अंगठा उठवलेला करार हाती घेऊन उतरले, यावर पुढच्या सहासात पिढ्यांचे दैव ठरले. म्हणून या शहराचा इतिहास राजवाड्यापासून सांगण्याऐवजी त्याच्या धक्क्यापासून सांगणे मला अधिक न्याय्य वाटते.

अरब दर्यावर्दींना हे बेट ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले, पाणी भरून घेऊन निघून गेले. मॉरिशस, रियुनियन व रॉड्रिग्ज या बेटांच्या समूहाला आजही ‘मास्करीन’ म्हणतात, ते पेद्रू मास्करेन्यस या पोर्तुगीज सरदाराच्या नावावरून. हा मास्करेन्यस पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि १५५५ साली गोव्यातच मरण पावला. डच १५९८ मध्ये आग्नेय किनाऱ्यावर उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरित्स याच्या नावावरून बेटाला मॉरिशस हे नाव दिले आणि १६३८ पासून वस्तीचे दोन प्रयत्न केले. जावाहून ऊस त्यांनी आणला, मादागास्करहून पहिले गुलामही त्यांनीच आणले. एबनीची काळी किमती झाडे तोडून नेली. वादळे, उंदीर आणि उपासमार यांना कंटाळून १७१० साली ते कायमचे गेले, तोवर डोडो पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला होता.

पाच वर्षांनी, १७१५ मध्ये, फ्रेंचांनी बेटावर आपला झेंडा रोवला आणि त्याचे नाव ‘फ्रान्सचे बेट’ असे ठेवले. डचांचा तळ आग्नेयेला होता, फ्रेंचांनी राजधानी वायव्येला नेली. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या समुद्रात वर्षाचा बहुतेक काळ वारा आग्नेयेकडून वाहतो. आग्नेयेच्या बंदरात शिडाचे जहाज सुखाने शिरत असे, पण बाहेर पडताना समोरून वारा तोंडात मारी आणि कित्येक दिवस खोळंबून राहावे लागे. वायव्येचे बंदर डोंगरांच्या आडोशाला होते. तेथून जहाज पाठीमागच्या वाऱ्यावर सहज सुटे. मसाला आणि कापड यांच्या व्यापारात खोळंबा म्हणजे तोटा. अशा रीतीने वाऱ्याने राजधानीची जागा निवडली. त्याच डोंगरांनी शहराची हवा अडवली हा भाग वेगळा. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या नाताळाच्या दिवसांत, पोर्ट लुई भट्टीसारखे तापते.

या बंदराचे शहर केले ते माहे द ला बूर्दोने या फ्रेंच गव्हर्नराने. तो १७३५ साली आला तेव्हा तेथे झोपड्या आणि चिखल होता. दहा-अकरा वर्षांत त्याने गोदी, कोठारे, तटबंदी, गव्हर्नराचा वाडा, रुग्णालय आणि नदीचे पाणी शहरापर्यंत आणणारा पाट बांधला. (इकडे चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला ते वर्ष १७३९. त्याच सुमारास तिकडे दगडावर दगड चढत होता.) याच बंदरातून आरमार सज्ज करून त्याने १७४६ मध्ये इंग्रजांचे मद्रास जिंकले. बक्षीस म्हणून त्याला मिळाली बास्तीयची कोठडी, कारण खंडणीच्या प्रश्नावरून पाँडिचेरीचा गव्हर्नर द्युप्ले आणि तो यांचे हाडवैर जुंपले होते. निर्दोष सुटला, पण खचला आणि १७५३ साली वारला. आज बंदरासमोरच्या ताडांच्या रांगेच्या टोकाशी त्याचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

पुतळा एकाचा असला तरी दगड उचलणारे हात हजारो होते. पाँडिचेरीहून गवंडी आणि सुतार आणले होते. त्यांतले काही मजुरीवर आलेले स्वतंत्र कारागीर होते, तर कित्येक भारतीय गुलाम म्हणूनच विकले गेलेले होते. पण सर्वांत मोठा भरणा मोझांबिक आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या लोकांचा. ला बूर्दोने स्वतः गुलामांचा मालक होता. त्यांना स्वस्तात पोसता यावे म्हणून त्याने ब्राझीलमधून कसावाचे कंद आणून लावले. अठराव्या शतकाच्या अखेरीस या बेटावर दर दहा माणसांमागे आठ गुलाम होते.

आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. १७२३ च्या फ्रेंच ‘काळ्या संहिते’ने या गुलामांसाठी दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या होत्या. प्रत्येक गुलामाला कॅथोलिक धर्मशिक्षण व स्नानसंस्कार मिळाला पाहिजे, आणि प्रत्येक गुलाम ही मालकाची जंगम मालमत्ता आहे. लग्नाला मालकाची परवानगी हवी. पळून गेल्यास कान कापावेत व खांद्यावर डाग द्यावा. तिसऱ्यांदा पळाल्यास देहदंड. १७२२ पासून व्हिन्सेन्शियन धर्मगुरू बेटावर होते. गुलामांच्या मस्तकावर पवित्र पाणी पडत होते, कपाळावर क्रुसाची खूण होत होती, आणि त्याच खांद्यावर तापलेल्या लोखंडाने राजाच्या लिलीफुलाचा डागही उठत होता. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली. ती बातमी घेऊन पॅरिसचे दोन अधिकारी १७९६ साली बंदरात उतरले, तेव्हा मळेवाल्यांनी त्यांना परत जहाजावर चढवून हाकलून दिले.

गव्हर्नराच्या वाड्याभोवती गोऱ्यांची वस्ती, एका अंगाला काळ्यांची छावणी, दुसऱ्या अंगाला ‘मलबारी’ म्हणजे हिंदी लोकांची छावणी, अशी शहराची आखणीच होती. रस्ते काटकोनात छेदत होते, माणसे मात्र सहसा एकमेकांत मिसळत नसत. तरीही मिसळली. मालकाची फ्रेंच, मोझांबिक व मादागास्करच्या भाषा, थोडे तमिळ यांच्या घुसळणीतून क्रिओल ही बोली जन्माला आली. आज सबंध बेट तिच्यात हसते, भांडते आणि बाजारहाट करते.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. त्यांच्या सैन्यात मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतले शिपाई होते. ऑगस्टात ग्रँड पोर्टच्या आरमारी लढाईत फ्रेंच जिंकले. पॅरिसच्या विजयकमानीवर तिचे नाव कोरलेले आहे. पण २९ नोव्हेंबरला इंग्रज फौज उत्तर टोकाला उतरली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोर्ट लुई शरण आले. इंग्रजांनी मळेवाल्यांना त्यांची भाषा, कायदे आणि धर्म राखण्याची मुभा दिली. म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजी अंमल होऊनही हे शहर वर्तमानपत्र वाचते ते फ्रेंचमध्ये.

इंग्रजांबरोबर आणखी एक जमात आली, जिचा उल्लेख क्वचितच होतो. १८१५ पासून वीसएक वर्षे बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून जन्मठेपेचे सुमारे दीड हजार कैदी पोर्ट लुईला पाठवण्यात आले. बेटावरचे रस्ते आणि पूल बव्हंशी त्यांनी केले. १८३६ साली चार्ल्स डार्विन आपल्या जगप्रवासात येथे थांबला, तेव्हा या हिंदी कैद्यांची उदात्त चेहरेपट्टी, त्यांची स्वच्छता आणि धर्माचाराची निष्ठा पाहून तो चकित झाला व तसे त्याने लिहून ठेवले. सातासमुद्रांपार रस्ता खणणाऱ्या त्या माणसांत आपल्या कोकण-देशावरचेही कोणी असणार. गावी मात्र त्यांचे ‘काळ्या पाण्याला गेला’ एवढ्यावरच पान मिटले असेल.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. इंग्रज सरकारने नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम वाटली, ती सारी मालकांना. गुलामांना काहीही मिळाले नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्यांना जुन्याच मालकाकडे राबावे लागले. १८३९ मध्ये तेही जोखड गेले, तेव्हा मुक्त माणसांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली. काही किनाऱ्याला मासेमारीसाठी गेले, काही डोंगरउतारावर भाजीपाला लावू लागले, आणि पुष्कळ जण पोर्ट लुईच्या कडेला झोपड्या बांधून राहिले. त्यांच्यापाशी जमीन नव्हती, अक्षर नव्हते. नाव होते ते मालकाने ठेवलेले. कोणाचे महिन्यावरून, कोणाचे वारावरून, कोणाचे केवळ थट्टेने.

अशा वेळी १४ सप्टेंबर १८४१ रोजी, पवित्र क्रुसाच्या सणादिवशी, धक्क्यावर एक सदतीस वर्षांचा फ्रेंच धर्मगुरू उतरला. जाक-देझिरे लाव्हाल हे त्यांचे नाव. नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, पॅरिसमध्ये डॉक्टर झालेला. काही वर्षे व्यवसाय करून, घोडा, उंची कपडे, मेजवान्या सारे अनुभवून झाल्यावर त्यांनी दीक्षेची वाट धरली आणि १८३८ साली ते धर्मगुरू झाले. इंग्रज सरकारला फ्रेंच धर्मगुरू नकोच होते. इंग्रज बिशप कॉलियर यांनी रदबदली करून त्यांना आपल्याबरोबर आणले.

फादर लाव्हाल कॅथेड्रलच्या आवारातील लहानशा लाकडी खोलीत राहिले आणि पहिल्या दिवसापासून क्रिओल शिकू लागले. ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळी गोऱ्या समाजाच्या दृष्टीने ती बोली म्हणजे मोडकीतोडकी फ्रेंच, स्वयंपाकघरातली भाषा. लाव्हालनी तिच्यात सोपी धर्मशिक्षणाची पुस्तिका केली. दिवसभर मळ्यात किंवा गोदीत राबणाऱ्यांसाठी त्यांचे वर्ग रात्री भरत. रविवारी भर दुपारी मुक्त गुलामांसाठी वेगळी मिस्सा होई, कारण सकाळच्या मिस्सेत पुढच्या बाकांवर त्यांना जागा नव्हती. गोऱ्यांपैकी काहींनी टिंगल केली, काहींनी अडथळे आणले. लाव्हालनी वाद घातला नाही. ज्यांना धडे दिले त्यांच्यातूनच त्यांनी स्त्री-पुरुष धर्मशिक्षक तयार केले आणि त्यांना खेडोपाडी पाठवले. गावोगाव छोटी प्रार्थनामंदिरे उभी राहिली, ती या लोकांनी आपल्या घामाच्या पैशाने बांधली. पिढ्यानपिढ्या ज्यांना लग्नाचीही मुभा नव्हती, अशा जोडप्यांचे विवाह त्यांनी लावले. आपल्यापैकी ज्यांनी धर्मग्रामाची जुनी दफ्तरे चाळली असतील त्यांना कल्पना येईल की, कालवर ज्याचे नाव बैल आणि गाडी यांच्या यादीत असे, त्या माणसाचे नाव ‘पती’ या शब्दाखाली लिहिले जाणे केवढी मोठी घटना असते. १८५४ च्या पटकीच्या साथीत त्यांची डॉक्टरकीही कामी आली.

९ सप्टेंबर १८६४ रोजी ते गेले, तेव्हा चाळीस हजार माणसे त्यांच्या अंत्ययात्रेला होती असे सांगतात. शहराच्या सँत-क्र्वा भागात त्यांची समाधी आहे. २९ एप्रिल १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले. त्या पोपमहाशयांच्या कारकिर्दीतली ती पहिली घोषणा. दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री सबंध बेटावरून माणसे पायी निघतात आणि पहाटेपर्यंत समाधीपाशी रांग सरकत राहते. तीत हिंदू असतात, मुसलमान असतात, चिनी असतात. आपल्या माउंट मेरीच्या जत्रेची चढण ज्यांनी चढली आहे त्यांना हे नवल वाटू नये.

आता पुन्हा धक्क्यावर येऊ. गुलाम मुक्त होणार हे दिसू लागताच मळेवाल्यांनी नवे मजूर शोधायला सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे मृतात्म्यांच्या स्मृतिदिनी, ‘अॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन आले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये. इंग्रजी ‘अॅग्रीमेंट’चे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. प्रयोग यशस्वी झाला, यशस्वी म्हणजे मळेवाल्यांच्या हिशेबाने. १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या मार्गाने आली. अदमासे एक तृतीयांश परतली, उरलेल्यांनी बेटाचा चेहरा बदलून टाकला. त्यांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये बंदरात आगर उभारले गेले. पाण्यातून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या, मग शेड, मग कारकुनाचे टेबल. ‘कुली घाट’ हे त्याचे जुने नाव, आज त्याला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात.

बहुसंख्य लोक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, त्यानंतर तमिळ व तेलुगू. पण मुंबई बंदरातूनही काही वर्षे जहाजे गेली आणि त्यांतून रत्नागिरी व आसपासच्या कोकणातले मराठी लोक तेथे पोहोचले. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुटी असते. जाखडीचा नाच तेथे ‘झाकरी’ नावाने टिकून आहे. मात्र टेबलामागच्या कारकुनाने आडनाव विचारले नाही. त्याने बाबाजी, रामजी, लक्ष्मण अशी एकेरी नावे कानाला ऐकू आली तशी इंग्रजी स्पेलिंगात उतरवली, आणि पुढच्या पिढीत तीच आडनावे झाली. म्हणून तेथील मराठी कुटुंबांत आपल्याला कदम, सावंत, शिर्के कमी भेटतात. एखाद्या खापरपणजोबाचे पाळण्यातले नाव साऱ्या घराण्याच्या माथी आलेले असते.

तरीसुद्धा कागद झाला. प्रत्येक मजुराला क्रमांक मिळाला. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, जहाज, अंगावरची खूण. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना छायाचित्र असलेला परवाना सक्तीचा झाला. हेतू चांगला नव्हता. परवाना जवळ नसलेल्या माणसाला ‘भटक्या’ ठरवून पोलीस पकडत. या छळाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्झ या सहृदय गोऱ्या मळेवाल्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नराला दिला. त्यापायी त्याला भर रस्त्यात मार खावा लागला. पण चौकशीसाठी विलायतेहून आयोग आला. त्याच्या दोन सदस्यांपैकी विल्यम एडवर्ड फ्रियर हे पूर्वी मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते. आयोगाच्या अहवालानंतर काही जाच कमी झाला. छळाचे साधन म्हणून केलेल्या त्या नोंदवह्या आणि छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत, आणि आज एखादा तरुण तेथे जाऊन पणजोबाचा चेहरा पाहू शकतो, गावाचे नाव वाचू शकतो.

आफ्रिकेहून आणलेल्यांच्या पणतवंडांना हे भाग्य नाही. इंग्रजांनी १८१७ च्या सुमारास गुलामांच्या याद्या केल्या होत्या खऱ्या, पण त्या मालमत्तेच्या याद्या. त्यांत मालकाने ठेवलेले नाव आहे, आईने ठेवलेले नाही. ‘मोझांबिक’ एवढाच पत्ता आहे. मोझांबिक म्हणजे काही गाव नव्हे.

मुंबईशी असलेल्या एका गमतीशीर दुव्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८४७ मध्ये पोर्ट लुईत एक पेनी व दोन पेन्सची टपाल तिकिटे निघाली, प्रत्येकी फक्त पाचशे. ‘पोस्ट ऑफिस’ असे शब्द असलेली ही तिकिटे पुढे जगातील अत्यंत दुर्मीळ तिकिटांत गणली गेली. त्यांपैकी दोन तिकिटे लावलेले एक पाकीट १८५० च्या जानेवारीत पोर्ट लुईहून निघाले ते मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणिसांच्या नावे. १८९७ साली ते भारतात सापडले. पत्रात बायबलच्या प्रतींविषयीचे साधे कामकाज होते, पाकिटाची किंमत मात्र पुढे कोटींत गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन आघातांनी शहराचा स्वभाव बदलला. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाची भयंकर साथ आली. एकट्या १८६७ सालात बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे गेली आणि पोर्ट लुईत प्रेते पुरायला हात पुरेनात. नुकतीच, १८६४-६५ मध्ये, आगगाडी सुरू झाली होती. ज्यांच्यापाशी पैसा होता ते तिच्यात बसून क्युरपीप आणि आसपासच्या थंड पठारावर राहायला गेले ते परत आलेच नाहीत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि युरोप-हिंदुस्थान मार्गावरची जहाजे या बंदरावाचून जाऊ लागली. भरीला २९ एप्रिल १८९२ चे चक्रीवादळ आले. त्यात सबंध बेटावर हजाराहून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून पोर्ट लुई हे दिवसाचे शहर झाले. सकाळी कारकून, वकील, व्यापारी वरून खाली उतरतात आणि पाचच्या सुमारास रस्ते ओस पडतात. आगगाडी १९६० च्या दशकात बंद झाली. २०२० पासून नवी मेट्रो धावते, तिनेही हा भरती-ओहोटीचा क्रम मोडलेला नाही.

रात्री जे उरतात ते या शहराचे खरे रहिवासी. रोश ब्वा आणि सँत-क्र्वा भागात क्रिओल ख्रिस्ती, प्लेन व्हेर्तमध्ये मुसलमान, जुम्मा मशिदीलगतच्या गल्ल्यांत चिनी दुकानदार. अर्ध्या तासाच्या पायपिटीत कॅथेड्रल, दारूगोळ्याच्या कोठाराचे केलेले अँग्लिकन चर्च, तमिळ देऊळ, चिनी देवालय आणि मशीद असे सारे पाहून होते. मध्यवर्ती बाजाराच्या दाराशी डाळपुरी मिळते. आपल्या पुरणपोळीची ही बिनगोडाची चुलत बहीण. तिच्यात घेवड्याची भाजी आणि मिरचीची चटणी घालून गुंडाळी करून देतात. ती हिंदू विकतो, क्रिओल खातो आणि चिनी दुकानदार उभ्याउभ्या खिशातून सुटे पैसे काढतो. पर्यटनाच्या पुस्तिकांना हे दृश्य फार आवडते.

दृश्य खोटे नाही, पण अपुरे आहे. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी येथे तीन आठवडे राहिले व मुलांना शिकवा, राजकारणात भाग घ्या, असे हिंदी लोकांना सांगून गेले. त्या लोकांनी ते मनावर घेतले. १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेच्या तिथीला, शां द मार्स या जुन्या घोडदौडीच्या मैदानावर स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा चढला आणि गिरमिटियाचे पुत्र सर शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले. पण त्याआधी दोनच महिने, जानेवारीत, याच शहरात क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल पेटली होती. पिढ्यानपिढ्यांचे शेजार तुटले, घरांची अदलाबदल झाली आणि एकेका धर्माच्या गल्ल्या तयार झाल्या. नव्या संविधानाने हिंदू, मुसलमान व चिनी समाजांना नावे दिली. गुलामांच्या वंशजांना मात्र गोऱ्यांसह ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या उरलेल्यांच्या रकान्यात टाकले.

१९९३ साली फादर रॉजर सेर्व्हो या क्रिओल धर्मगुरूंनी या दुखण्याला जाहीरपणे ‘क्रिओल व्यथा’ असे नाव दिले. ख्रिस्तसभेतही वरच्या जागा गोऱ्यांना आणि पाठीमागची बाके आम्हांला, हे त्यांनी आपल्याच घरात उभे राहून सांगितले. ऐकणाऱ्यांना ते रुचले नाही. सहा वर्षांनी, २१ फेब्रुवारी १९९९ रोजी, रोश ब्वाचा लाडका गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि त्या वस्तीतून उसळलेला डोंब तीन-चार दिवस बेटभर पसरला. तेव्हा अनेकांना सेर्व्होंचे शब्द आठवले. २००९ मध्ये सरकारने सत्य व न्याय आयोग नेमला. गुलामगिरी आणि गिरमिट या दोहोंचे परिणाम तपासून त्याने २०११ मध्ये अहवाल दिला.

निसर्गही या शहराला अधूनमधून आपले मूळ रूप दाखवतो. ३० मार्च २०१३ रोजी ढगफुटी झाली. डोंगरांच्या परातीतले पाणी बंदराकडे धावले आणि भुयारी रस्ता व तळघरे भरून अकरा माणसे गेली. ओढ्यांच्या वाटेवर सिमेंट ओतल्याचा तो हिशेब होता.

आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. मूळ वास्तूचा थोडाच भाग उरला आहे, बाकीच्यावरून हमरस्ता गेला. २ नोव्हेंबरला तेथे पुष्पचक्रे वाहिली जातात. घाटापासून हाकेच्या अंतरावर ला बूर्दोनेच्या काळातले जुने लष्करी रुग्णालय आहे. गुलामांच्या हातांनी बांधलेल्या त्या दगडी इमारतीत २०२३ मध्ये गुलामगिरीचे संग्रहालय सुरू झाले. एका दारी पाठोपाठच्या नोंदवह्या, छायाचित्रे, गावांची नावे. दुसऱ्या दारी जाड भिंती आणि पुष्कळशी रिकामी जागा.

९ सप्टेंबर २०१९ रोजी, फादर लाव्हाल यांच्या सणादिवशी, पोप फ्रान्सिस पोर्ट लुईला आले. शहरावरच्या टेकडीवर शांतिराणी मरियेचे स्थान आहे. तेथे त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि नंतर ते सँत-क्र्वा येथे जाऊन लाव्हालांच्या समाधीपाशी काही वेळ मूकपणे उभे राहिले. आदल्या रात्री चालत आलेल्या यात्रेकरूंनी लावलेल्या मेणबत्त्यांचे मेण त्या आवारात थिजून पडले असेल. समाधीच्या पलीकडे रोश ब्वाची पत्र्याची घरे आहेत. त्यांतल्या कित्येकांची आडनावे आजही महिन्यांची आणि वारांची आहेत.